कोल्हापुरात बेस गिटार शिकताना: काय घ्यायचं, काय सोडायचं

बेस गिटार शिकण्यासाठी आज इतकं साहित्य फुकट मिळतं की नवा माणूस महिनाभर नुसते व्हिडिओ बघतो आणि बोट काही तारेला लागत नाही. खरी अडचण दुसरीच असते: गाण्यात बेस काय वाजवतोय हे त्याला ऐकूच येत नसतं. म्हणून इथे क्रम असा ठेवलाय: आधी ऐकू येण्याची सोय, मग वाद्य, मग धडे आणि शेवटी इथल्या गाण्यांना साथ करताना लागणाऱ्या गोष्टी. तो शेवटचा भाग परदेशी कोर्समध्ये सापडत नाही.

१. आधी कान, मग हात

मोबाइलच्या स्पीकरवर बेस शिकू नका. चार तारांच्या बेसची सगळ्यात जाड तार, म्हणजे खालची ई, ४१ हर्ट्‌झला वाजते. ए ५५, डी ७३ आणि जी ९८ हर्ट्‌झ. एवढा खालचा आवाज मोबाइलच्या स्पीकरमधून जवळजवळ येतच नाही. ऐकू येतात ते त्या स्वराचे वरचे उपस्वर, त्यामुळे नवखा हमखास एक सप्तक चुकतो किंवा बेस समजून गिटारचीच ओळ वाजवत बसतो.

पहिली खरेदी कान पूर्ण झाकणाऱ्या, वायरच्या हेडफोनची करा. ब्लूटूथ हेडफोन गाणी ऐकायला ठीक आहेत, पण ते लावून वाजवायला जाऊ नका. त्यात आवाज बऱ्याचदा १०० मिलिसेकंदांहून जास्त उशिरा पोचतो. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत एका ठोक्याचा चौथा हिस्सा १२५ मिलिसेकंदांचा असतो. म्हणजे तुम्ही बरोबर वाजवलं तरी ऐकू येताना ते जवळजवळ पाव ठोका मागे पडलेलं असतं, आणि दोष मात्र तुम्ही स्वतःच्या हाताला देता.

कान तयार करायला एक गाणं निवडा आणि फक्त बेस गुणगुणून बघा. जी ओळ गुणगुणता येत नाही ती बोटांतूनही येत नाही. ऐकायला अमेरिकेतल्या मोटाउन कंपनीच्या जुन्या रेकॉर्डिंगमधला जेम्स जेमरसन घ्या. तो उजव्या हाताचं एकच बोट वापरायचा, तेही गुळगुळीत फ्लॅटवाउंड तारांवर. ए. आर. रहमान यांच्या गाण्यांसाठी वाजवलेला कीथ पीटर्सही ऐका. बेसवादक मोहिनी डे जरूर ऐका, पण पहिल्या वर्षी तिची नक्कल करायच्या भानगडीत पडू नका.

२. वाद्य निवडताना

बेसची नेहमीची स्केल लेंग्थ ३४ इंच असते. ही लांबी नटपासून (डोक्याजवळच्या खाचांच्या पट्टीपासून) ब्रिजपर्यंतची (खालच्या टोकाला तारा अडकतात तिथवरची), अख्ख्या वाद्याची नव्हे. हात लहान असेल किंवा मुलासाठी घ्यायचं असेल तर ३० इंची शॉर्ट स्केल चालतं. आयबानेझचं मिक्रो त्याहून छोटं, २८.६ इंची आहे. पाच तारांचा मोह सुरुवातीला टाळा. खालची बी तार ३१ हर्ट्‌झची असते, छोट्या अँपवर (अँप्लिफायरवर) ती नीट वाजत नाही आणि ती दाबून गप्प ठेवण्याचं एक काम उगीच वाढतं.

वाद्यांच्या दुकानात सहा तारांच्या गिटारींची रांग असते आणि बेसचे नग बहुधा एखाद-दोनच. आवडीचं मॉडेल नसेल तर बजाओ किंवा फुर्तादोससारख्या ठिकाणाहून ऑनलाइन मागवता येतं. मात्र त्याआधी कुठलाही बेस एकदा गळ्यात अडकवून उभं राहून बघा. काही नगांचं डोकं जड असतं आणि सोडलं की नेक, म्हणजे वाद्याची दांडी, खाली झुकते. मग डावा हात वाजवायचं सोडून नेक सावरत बसतो.

जुना बेस घेताना तपासायच्या गोष्टी:

- प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट (नेकवरची धातूची आडवी पट्टी) वाजवा. २० फ्रेट म्हणजे ८० स्वर, पाच मिनिटांचं काम. एखाद्याच ठिकाणी तार खरखरत असेल तर ते फ्रेट झिजलंय किंवा उठलंय.
- व्हॉल्यूम आणि टोनची बटणं फिरवताना खरखर आली तर ती सफाईने जाते, तेवढ्यावरून सौदा मोडू नका. केबल हलवल्यावर आवाज जात असेल तर जॅक सैल आहे. तेही स्वस्तातलं काम.
- ट्रस रॉडच्या (नेकचा वाक सांभाळणाऱ्या आतल्या सळीच्या) तोंडात अ‍ॅलन की घालून बघा. आतले कोपरे झिजून गोल झाले असतील तर तो बेस तिथेच ठेवा. ही दुरुस्ती महाग पडते.
- मागे बॅटरीचा कप्पा असेल तर बेस अ‍ॅक्टिव्ह आहे. बहुतेक अ‍ॅक्टिव्ह बेसमध्ये केबल जॅकला लावली की सर्किट चालू होतं. वाजवून झाल्यावर केबल तशीच ठेवली तर ९ व्होल्टची बॅटरी रिकामी होते आणि लोक वाद्य बिघडलं म्हणून दुकान गाठतात.

वाद्याबरोबर लागणारं सामान:

- क्लिपचा ट्यूनर
- ३ मीटरची केबल, दोन नग
- रुंद पट्टा, निदान ३ इंची (अरुंद पट्ट्याने खांदा भरून येतो)
- ०.०४५ ते ०.१०० किंवा ०.१०५ इंच जाडीच्या तारांचा लाँग स्केल (३४ इंची) संच
- अ‍ॅलन की, फिलर गेज (फट मोजायची पाती), स्टीलची पट्टी
- सुती फडकं, सिलिका जेलच्या पुड्या
- हेडफोनची सोय असलेला छोटा बेस अँप, किंवा थेट बेसमध्ये लागणारा हेडफोन अँप

घरच्या सरावाला १५ ते २५ वॅटचा अँप भरपूर होतो. गिटारच्या अँपवर हळू आवाजात बेस वाजवलेला चालतो, मोठ्या आवाजात स्पीकरचा कागद फाटतो. होम थिएटरला बेस जोडू नका. अँप जमिनीवर न ठेवता फोमच्या जाड तुकड्यावर किंवा खुर्चीवर ठेवा. खालचे स्वर फरशीतून आणि भिंतीतून शेजाऱ्याकडे जातात. तुमच्या खोलीत आवाज बेताचा वाटतो, पण पलीकडे मांडणीवरची भांडी वाजत असतात.

३. सेटअप: उद्यमनगरातलं फिलर गेज इथे कामाला येतं

नवा बेस खोक्यातून काढल्यावर तारा बऱ्याचदा उंच असतात. मग बोटं दुखतात आणि माणूस म्हणतो, बेस आपल्या हाताबाहेरचा आहे. खरं तर अर्ध्या तासाचं काम असतं.

सुरात लावून घ्या. ई तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबा आणि ७ व्या-८ व्या फ्रेटपाशी तार व फ्रेट यांच्यातली फट मोजा. ती ०.३ मिलिमीटरच्या आसपास हवी. हे डोळ्यांनी कळत नाही, त्यासाठी फिलर गेज लागतं. दुचाकीचे टॅपेट सेट करायला मेकॅनिक जे पात्यांचं गेज वापरतात तेच. शिवाजी उद्यमनगरात हत्यारांच्या दुकानात मागा, ‘गिटारला लागतंय’ हे सांगायची गरज नाही. ०.३० चं पातं सरकताना तारेला जेमतेम लागलं पाहिजे. फट जास्त असेल तर ट्रस रॉड घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, कमी असेल तर उलट. एका वेळी पाव वळसाच. मग परत सुरात लावा, परत मोजा. जोर लावावा लागला तर तिथेच थांबा.

आता १७ व्या फ्रेटवर तारांची उंची मोजा. ई तारेखाली सुमारे २.४ मिलिमीटर आणि जी तारेखाली २ ठेवा. ही उंची ब्रिजवरच्या सॅडलच्या (तार टेकते त्या तुकड्याच्या) स्क्रूने बदलते. ट्रस रॉडने उंची कमी करायला जाऊ नका. या चुकीने नेक खराब होते.

शेवटी इंटोनेशन, म्हणजे वरच्या फ्रेटवरही स्वर सुरात निघणं. १२ व्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता फ्रेटच्या वर नुसतं बोट टेकवून काढलेला स्वर) आणि त्याच फ्रेटवर दाबून काढलेला स्वर ट्यूनरवर ताडून बघा. दाबलेला स्वर चढा असेल तर सॅडल मागे घ्या, उतरा असेल तर पुढे.

मोबाइलच्या ट्यूनर अ‍ॅपला खालची ई बऱ्याचदा सापडत नाही, काटा नुसता नाचत राहतो. अशा वेळी १२ व्या फ्रेटचा हार्मोनिक वाजवून लावा. अ‍ॅपच नसेल तर ई तारेचा ५ व्या फ्रेटचा हार्मोनिक आणि ए तारेचा ७ व्या फ्रेटचा हार्मोनिक एकाच स्वराचे असतात. दोन्ही वाजवून आवाजातल्या लाटा थांबेपर्यंत खुंटी फिरवा. ए-डी आणि डी-जी यांनाही हेच लागू.

आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत दमटपणा मुरलेला असतो. लाकूड ओल पितं, नेक हलते आणि मे महिन्यात केलेला सेटअप जुलैत राहत नाही. वर्षातून दोनदा तपासा. पावसाळ्यात बॅगेत सिलिका जेल ठेवा आणि वाजवून झालं की तारा खालून-वरून पुसा, नाहीतर त्या महिन्याभरात काळवंडतात.

मिरज फार लांब नाही आणि तिथल्या तंबोरे-सतारींच्या कारागिरांचं नाव देशभर आहे. पण जवारी काढणं (घोडी घासून तारेला झणकार आणणं) हे एक कसब, ट्रस रॉड आणि फ्रेटचं काम दुसरं. तिथे बेस घेऊन जायचं असेल तर आधी इलेक्ट्रिक गिटारचं काम करणारा कारागीर कोण आहे याची चौकशी करूनच जा.

तार बदलताना खुंटीच्या पुढे साधारण १० सेंटिमीटर जास्तीची ठेवून आधी काटकोनात वाकवा आणि मगच कापा. सरळ तार कापली तर आतल्या गाभ्यावरचं गुंडाळण सुटतं आणि ती तार मुकी वाजते.

४. एकच कोर्स धरा

खालच्यांपैकी एक निवडा आणि तो निम्म्याच्या पुढे जाईपर्यंत दुसरा उघडू नका.

*स्टडीबेस*: वेबसाइट, धडे फुकट. क्रमवार आणि लेखी असल्यामुळे व्हिडिओत रमून जायची भीती नाही. हात कसा ठेवायचा इथपासून कॉर्डपर्यंत सगळं आहे. इंग्रजी सोपं आहे. पैसे खर्च करायच्या आधी इथून सुरुवात करावी हे आमचं स्पष्ट मत.

*बेसबझ*: यूट्यूबवरचे व्हिडिओ फुकट, पूर्ण कोर्स विकत. धडे छोटे आणि चेष्टामस्करीचे. लवकर कंटाळणाऱ्यांसाठी चांगला.

*टॉकिंगबेस*: मार्क स्मिथ यांचे धडे. नोटेशन वाचायला शिकायचं असेल तर हा माणूस धरा.

*स्कॉट्स बेस लेसन्स*: वर्गणी भरून. साहित्य प्रचंड आहे आणि नवख्यासाठी तोच त्याचा दोष. वर्गणी डॉलरमध्ये असेल तर बँकेचा परकीय चलनाचा आकार वर लागतो आणि मुदत संपली की ती आपोआप पुढे चालू होते. नाव नोंदवतानाच ते बंद करायचं बटण कुठे आहे ते बघून ठेवा.

छापील पुस्तक हवं असेल तर हॅल लेनर्डचं बेस मेथड, लेखक एड फ्रीडलंड. तीन भाग आहेत आणि तिन्हींची एकत्र आवृत्ती निघते. बेस क्लेफमधले (खालचे स्वर लिहायच्या चिन्हातले) स्वर ओळखायचा सराव म्युझिकथिअरी डॉट नेटवर फुकट होतो. बेसचं नोटेशन प्रत्यक्षापेक्षा एक सप्तक वर लिहिलेलं असतं. पियानोशी ताडून बघणारे इथे गोंधळतात.

५. शिक्षक शोधताना

पाटी ‘गिटार क्लास’ची असते आणि बेसही शिकवतो असं सांगितलं जातं. भेटीत तीनच गोष्टी विचारा. क्लासमध्ये बेस आणि बेसचा अँप आहे का? धड्यात ड्रम किंवा मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं यंत्र किंवा अॅप) चालू असतो का? न वाजणाऱ्या तारा गप्प कशा ठेवायच्या, हे करून दाखवाल का? तिसऱ्या प्रश्नाला जो लगेच वाद्य हातात घेतो तो शिक्षक कामाचा. ज्याला फक्त कॉर्ड आणि स्ट्रमिंग येतं त्याच्याकडे गिटार शिका.

बेसचा शिक्षक मिळालाच नाही तर तबल्याच्या वर्गाला जाऊन ताल शिकलात तरी फायदा होतो. त्यासाठी आपल्या गावात जागा कमी नाहीत. प्रमाणपत्र हवं असेल तर ट्रिनिटीच्या रॉक अँड पॉप आणि रॉकस्कूलच्या परीक्षांत बेस हा स्वतंत्र विषय आहे. मात्र परीक्षेच्या तीन गाण्यांवर वर्ष घालवणाऱ्याला चौथं गाणं येत नाही, हेही खरं.

६. गाणं कानाने काढायची साधनं

साँगस्टर या वेबसाइटवर बरीच इंग्रजी गाणी बेसच्या टॅबसह (कुठली तार, कुठलं फ्रेट हे आकड्यांत लिहिलेलं) सापडतात. टॅब लोकांनीच लिहिलेले असल्यामुळे चुका असतात. टॅब खरा की कान, असा प्रश्न पडला तर कानावर विश्वास ठेवा. संगणकावर टॅब वाजवून दाखवणारा टक्सगिटार हा प्रोग्राम फुकट आहे. गिटार प्रो या विकतच्या प्रोग्रामच्या जुन्या फाइली त्यात उघडतात आणि लय कमी करून वाजवता येतं.

मराठी-हिंदी गाण्यांच्या बेसचे टॅब मिळणं कठीण, तिथे ऑडॅसिटी हा आवाज संपादनाचा प्रोग्राम लागतो. तोही फुकट. गाणं उघडा, आठ मात्रांचा तुकडा निवडा आणि ‘चेंज टेम्पो’ने लय ३० टक्क्यांनी कमी करा. सूर तोच राहतो. मग ‘चेंज पिच’ने तुकडा १२ सेमिटोन वर न्या. बेस एक सप्तक वर येतो आणि जो नुसता घुमत होता तो स्पष्ट स्वरांत ऐकू येतो. आवाज विचित्र होतो, होऊ दे. स्वर लिहून घ्या आणि मूळ जागी वाजवा. मोइझेस अ‍ॅप बेस वेगळा काढून देतं, फुकटात मर्यादित. पण घाईघाईत वेगळ्या काढलेल्या बेसमध्ये ड्रमच्या पायाचा ठोका मिसळलेला असतो, तो स्वर समजू नका.

७. रोजचा अर्धा तास

पहिली ५ मिनिटं: सुरात लावणं आणि गप्प ठेवणं. तर्जनी-मधलं बोट आळीपाळीने, अंगठा जाड तारांवर टेकलेला. एक स्वर वाजवा, थांबवा, आणि उरलेल्या तीन तारा खरंच शांत आहेत का ते ऐका. डाव्या बोटाने फ्रेटच्या अगदी मागे दाबा, दोन फ्रेटच्या मध्ये नव्हे. मनगट दुखायला लागलं तर थांबा. ते कसून केलेल्या मेहनतीचं लक्षण नाही, बहुधा पट्टा फार खाली सोडल्याचं आहे. पहिल्या पाच फ्रेटवर चार बोटं चार फ्रेटांत ताणू नका. तर्जनी, मधलं आणि करंगळी एवढ्यात भागवा.

पुढची १० मिनिटं मेट्रोनोम. ६० ला सुरू करा. ८० ची लय जमली की मेट्रोनोम ४० वर ठेवा आणि त्याचा ठोका दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर आहे असं धरून वाजवा. पहिली मात्रा तुमची तुम्हाला सांभाळावी लागते. इथे भल्याभल्यांची लय पळते. ड्रम हवा असेल तर संगणकावर हायड्रोजन हे फुकट ड्रम मशीन आहे.

मग १० मिनिटं एकच गाणं आणि उरलेली ५ मिनिटं मोबाइलवर रेकॉर्ड केलेलं ऐकणं.

८. डग्ग्याशी जमवून घ्या

इंग्रजी कोर्स तुम्हाला बास ड्रमबरोबर वाजवायला शिकवतात. आपल्या गाण्यांत ते काम तबल्याच्या जोडीतला डग्गा करतो. केहरवा घ्या: धा गे न ति, न क धिं न. डग्गा १, २ आणि ७ व्या मात्रेला घुमतो, ४ ते ६ गप्प असतो. बेसने पहिल्या मात्रेला षड्ज वाजवावा, चौथ्या मात्रेला तार दाबून बंद करावा आणि सातव्याला पंचम घ्यावा. पंचम शोधायला डोकं लागत नाही: षड्जाच्या शेजारच्या जाड तारेवर त्याच फ्रेटवर खालचा, पातळ तारेवर दोन फ्रेट पुढे वरचा. दादऱ्यात पहिली आणि चौथी मात्रा धरा. भरीच्या जागा नंतर. नवखा बेसवाला डग्ग्याच्या रिकाम्या जागा भरायला जातो आणि ठेका जड होतो.

९. ‘काळी एक’ म्हणजे कुठलं फ्रेट?

परदेशी धडे ई, ए, जी या स्केलमध्ये चालतात, कारण तिथे मोकळ्या तारा कामाला येतात. इथे गायक पेटीच्या भाषेत, म्हणजे पट्टीचा रंग आणि क्रमांक, सांगतो. हे पाठ करा:

- पांढरी ४: एफ, ई तार, १ लं फ्रेट
- पांढरी ५: जी, ई तार, ३ रं
- काळी ४: जी शार्प, ई तार, ४ थं
- काळी ५: ए शार्प, ई तार, ६ वं
- काळी १: सी शार्प, ए तार, ४ थं
- पांढरी २: डी, ए तार, ५ वं
- काळी २: डी शार्प, ए तार, ६ वं

काळी एकच्या शुद्ध स्वरांत बेसची एकही मोकळी तार बसत नाही. म्हणून सगळे सराव मोकळ्या तारेशिवायही करा, म्हणजे तोच आकार सरकवून कुठल्याही सुरात नेता येतो.

कीबोर्डवाल्यापासून सावध. तो ट्रान्सपोजचं बटण दाबून सीची पोझिशन वाजवत असतो आणि तुम्हाला ‘सी वाजव’ म्हणून सांगतो, प्रत्यक्षात निघत असतो सी शार्प. ‘आवाज कुठला निघतोय?’ असं विचारा. जुन्या पेट्या ४४० ला (ए स्वराच्या नेहमीच्या मापाला) जुळतीलच असं नाही. पेटी साथीला असेल तर तिचा स्वर ऐकून ट्यूनरचं कॅलिब्रेशन सरकवा, कारण पेटी काही तुमच्यासाठी बदलणार नाही.

१०. मंडपात वाजवायच्या आधी

गणपतीच्या मंडपात वीज तात्पुरती ओढलेली असते आणि अर्थिंग असेलच याची खात्री नसते. अँपच्या तीन पिनांच्या प्लगमधली अर्थिंगची पिन काढून तो दोन पिनांवर चालवू नका. तारांना हात लावल्यावर घरघर थोडी कमी झाली तर ते नेहमीचं आहे. पण तारेला किंवा माइकला हात लावून झिणझिण्या आल्या तर ताबडतोब वाद्य खाली ठेवा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. एका हातात बेस आणि ओठ माइकला, अशी वेळ येणार असेल तर आधी इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

साउंडवाल्याकडे डीआय बॉक्स (बेसचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारा डबा) आहे का हे आदल्या दिवशी विचारा. बेस सरळ मिक्सरच्या लाइन इनपुटमध्ये घातला तर आवाज पातळ येतो, विशेषतः बिनबॅटरीचा बेस असेल तर. आणि साउंड चेकच्या वेळी कीबोर्डवाल्याला डावा हात वर घ्यायला सांगा. दोघांनी खालचं सप्तक वाजवलं की स्पीकरमधून नुसता गाळ निघतो आणि साउंडवाला पहिल्यांदा तुमचाच आवाज कमी करतो.